नाकारले – तुम्ही

रविवारी सकाळी मुकुल दुधाच्या पिशव्या आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन सोसायटीच्या फाटकातून आत शिरत होता, तेव्हा वॉचमन नंदूने खुर्चीतून अर्धवट उठत विचारलं, त्या बाई नंतर भेटल्या का. कोणत्या बाई, असं मुकुलने विचारल्यावर नंदूने सांगितलं की दहा-अकरा दिवस झाले असतील, बुधवार होता, एक म्हाताऱ्या बाई आल्या होत्या. हातात कापडी पिशवी, बोलणं मालवणी. तुमच्याकडे जायचं म्हणाल्या. मी अ‍ॅपवर टाकलं, तुमचा नकार आला. ऊन होतं म्हणून त्यांना इथे सावलीत बसवलं, पाणी दिलं. तासभर बसल्या, मग गेल्या. नंदूच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पन्नाशीचा माणूस, दिवसभरात दोनशे जणांना आत सोडणारा आणि वीस-पंचवीस जणांना परत पाठवणारा. एवढ्यांतली एक बाई त्याच्या लक्षात राहिली होती, एवढंच. मुकुल बरं म्हणाला आणि लिफ्टपाशी गेला. लिफ्ट चौदाव्या मजल्यावर अडकून पडली होती. त्याने दुधाच्या पिशव्या डाव्या हातात घेतल्या आणि फोन काढून अ‍ॅपमधली पाहुण्यांची यादी मागे सरकवायला सुरुवात केली. जेवणाचे डबे, औषधं, पाण्याचा फिल्टर दुरुस्त करणारा, पुन्हा जेवणाचे डबे. मग ती ओळ आली. सोनूबाई. कामवाली. बुधवार, ११.४२. नाकारले – तुम्ही.

ती ओळ कशी लिहायची हे त्यानेच ठरवलं होतं. अंधेरीच्या ज्या कंपनीने हे अ‍ॅप बनवलं, तिथे तो इंटरॅक्शन डिझायनर होता, म्हणजे माणूस ते कसं वापरेल हे ठरवणारा. आधी तिथे ‘सदस्याने प्रवेश नाकारला’ असं सरकारी वाक्य होतं. यंत्राने माणसाशी माणसासारखं बोलावं, ‘सदस्य’ कोण असतो, ‘तुम्ही’ म्हणा, असं त्याने मीटिंगमध्ये सांगितलं होतं आणि सगळ्यांना ते पटलं होतं. आता लिफ्टच्या दाराशी उभं राहून ते ‘तुम्ही’ वाचताना त्याला कुणीतरी मागून खांद्यावर बोट ठेवल्यासारखं झालं. आणि कामवाली. फाटकावरच्या फोनमध्ये पाच चित्रं असतात, डिलिव्हरी, टॅक्सी, कामवाली, कारागीर, पाहुणे. सुती पातळ आणि कापडी पिशवी पाहून नंदूचं बोट तिसऱ्या चित्रावर गेलं असणार. त्यात नंदूचा दोष नाही, पाच चित्रांत सोनूबाई कुठे बसली असती? ती विक्रोळीच्या चाळीत त्यांच्या शेजारच्या खोलीत राहायची. आई कारखान्याच्या कँटीनमध्ये सकाळच्या पाळीला जायची तेव्हा मुकुल सोनूबाईकडे असायचा, वयाच्या चौथ्या वर्षापासून दहावीपर्यंत. तिच्या हातची पेज खाऊन शाळेत जायचा. गोवर आला तेव्हा तिच्याच मांडीवर होता. तो तिला काकी म्हणायचा. मुलुंडच्या या एकविसाव्या मजल्यावर ती कधी आली नव्हती. पहिल्यांदा आली ती त्या बुधवारी, आणि फाटकातून परत गेली.

घरी त्याच्या बायकोने, इरावतीने, कोथिंबीर निवडता निवडता सगळं ऐकून घेतलं. ती मुलुंडचीच, बँकेतल्या बापाची मुलगी. चाळीतल्या माणसांशी तिचं कधी वाकडं नव्हतं, पण जवळचंही नव्हतं. मग फोन कर आणि सांग चुकून झालं, असं तिने साधं सांगितलं. दिवसभर मुकुलला त्या ‘चुकून’ शब्दाने छळलं. तो शब्द इतका हाताशी होता की त्याचाच संशय यावा. तो बुधवार आठवायचा प्रयत्न करत तो गॅलरीत गेला, आत आला, पंखा वाढवला, कमी केला. साडेअकराची मीटिंग. लांब टेबल, समोर लॅपटॉप, उजव्या हाताशी फोन उताणा. फोन थरथरला होता. पडद्यावर वरून खाली उतरलेली पांढरी पट्टी त्याला आठवत होती आणि ती पट्टी उजवीकडे ढकलणारा स्वतःचा अंगठा आठवत होता, अगदी नखासकट. पण त्या दोहोंच्या मधलं काही आठवत नव्हतं. नाव वाचलं का? दिसलं का? दिसणं आणि वाचणं यांत काय फरक असतो? या प्रश्नावर तो पगार घेत होता आणि त्याला स्वतःपुरतं उत्तर देता येत नव्हतं. दुपारी जेवताना इरावतीने पुन्हा विचारलं, फोन केलास का. त्याने फोन लागत नाही म्हणून सांगितलं. त्याने तो लावलाच नव्हता.

पट्टी बाजूला ढकलली की नकार, हा नियम आठ महिन्यांपूर्वीचा. त्याआधी पट्टीवर तीन बटणं होती, आत सोडा, नको, फोनवर बोला, आणि लोक तिन्ही दाबायचे नाहीत. कामात असायचे, पट्टी ढकलून द्यायचे, आणि खाली फाटकावर माणूस आणि वॉचमन दोघंही दोन-दोन मिनिटं एकमेकांकडे बघत उभे. प्रॉडक्टचं काम पाहणारी मानसी त्यावर फार चिडायची. मुकुलला तिने फाटकांवर धाडलं होतं आणि तो घाटकोपर, बोरिवली, ठाण्याच्या चौदा सोसायट्यांमध्ये वॉचमनच्या शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून माणसं किती थांबतात ते टिपत राहिला होता. परत आल्यावर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी त्याला नेहमीचाच प्रश्न विचारला, आम्हाला फक्त एवढं सांग, बाजूला सारलं तर काय? त्यांचं बरोबर होतं. माणसाला मोघम राहता येतं, सॉफ्टवेअरला येत नाही. अंगठ्याच्या प्रत्येक हालचालीपुढे कुणीतरी काहीतरी लिहावं लागतं, आणि ते काय असावं हे प्रोग्राम लिहिणारा ठरवत नाही, कंपनीचा मालकही ठरवत नाही. ते डिझायनर ठरवतो, आणि मग हजारो माणसं ते नकळत पाळतात. मुकुलने चार पानी टिपण लिहिलं होतं. त्यात एक वाक्य होतं, सूचना बाजूला सारणे हा नकारच असतो. फक्त तो देताना माणसाला स्वतःचा नकार ऐकावा लागत नाही. मानसीने ते वाक्य मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावलं होतं. तेव्हा त्याला त्याचा अभिमान वाटला होता. आयुष्यभर त्याने अवघड माणसांना असंच बाजूला सारलं होतं, नको न म्हणता, उद्या बघू म्हणत, म्हणूनच ते वाक्य त्याला इतकं अचूक सुचलं, हे त्या वेळी त्याच्या मनातही आलं नव्हतं.

आईला त्याचं काम कधी नीट कळलं नव्हतं, म्हणजे त्याला असं वाटायचं. तिने एकदा विचारलं होतं, तू चित्रं काढतोस की मशीन बनवतोस? त्याने दोन्ही नाही म्हणून सांगितलं आणि उगाच लांबलचक समजावत बसला, माणसाचा हात कुठे जातो, का जातो, तिथे काय ठेवावं. ती तांदूळ निवडत ऐकत होती. मग म्हणाली की कँटीनमध्ये पहिल्या वर्षी चहाचे ग्लास डाव्या बाजूला मांडायचे, आणि रोज पाच-सहा फुटायचे. कामगारांच्या डाव्या हातात थाळी असायची. मी ग्लास उजवीकडे नेले. फुटायचे बंद झाले. एवढंच ना, असं म्हणून तिने सूप झटकलं. त्या वेळी त्याला हसू आलं होतं. नंतर त्याने ती गोष्ट दोनदा परिषदेत सांगितली, टाळ्या मिळवल्या, आणि आईला ते सांगायचं राहून गेलं. फेब्रुवारीत तो तिच्याकडे गेला तो शेवटचा. मार्च तसाच गेला. एप्रिलच्या अकरा तारखेला तो हैदराबादला, एका सोसायटीच्या फाटकावर माणसं मोजत असताना संध्याकाळी सव्वासातला फोन आला. हृदयविकाराचा झटका, डॉक्टरांनी सांगितलं. सोनूबाईला ती जमिनीवर पडलेली दिसली होती. बाराव्याला सोनूबाईने त्याचं मनगट धरलं आणि म्हणाली, माका तुझ्याशी बोलूचा आसा. तिचा हात थंड आणि फार घट्ट होता. येतो काकी, चार दिवसांत येतो, असं त्याने सांगितलं. ती काय बोलणार ते त्याला ठाऊक होतं. आई दोन महिने कशी वाट पाहत होती, कुणाकडे कशी चौकशी करत होती, शेवटी काय म्हणाली. ते ऐकायला लागू नये म्हणून चार दिवसांचे सात महिने झाले. आईच्या खोलीची किल्ली सोनूबाईकडेच राहिली.

सोमवारी तो ऑफिसला नेहमीपेक्षा लवकर पोचला. अजून सफाईवाली बाई टेबलं पुसत होती. प्रत्येक सूचनेची नोंद कंपनीकडे साठत असे आणि त्याला ती पाहण्याची मुभा होती, स्वतःच्या फ्लॅटची नोंद तर त्याचीच. तरी शोधताना त्याने एकदा मागे वळून पाहिलं. ओळ सापडली. तिच्यात एक रकाना असा होता की जो त्याच्याच हट्टामुळे तयार झाला होता, सूचना पडद्यावर किती वेळ राहिली. नको असलेली गोष्ट माणूस अर्ध्या सेकंदात ढकलतो, तो वाचत नाही, आकार पाहून ढकलतो. दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ राहिलेली सूचना वाचली गेली आहे असं समजावं, हेही त्याच टिपणात होतं. त्या रकान्यात चार पूर्णांक दोन दशांश सेकंद लिहिलं होतं. तो खुर्चीत मागे टेकला. सफाईवाली बाई त्याच्या टेबलाशी येऊन थांबली आणि त्याने लॅपटॉप उचलून धरला, तिने खालचं पुसलं, तो तसाच लॅपटॉप हातात धरून बसून राहिला. चार सेकंदांत माणूस एक नाव दोनदा वाचतो. चार सेकंदांत मनगटावरचा हात आठवतो, आता काय ऐकावं लागेल ते आठवतं, टेबलाभोवतीची माणसं आपल्याकडे पाहतायत का हेही पाहून होतं. त्याला अजूनही तो क्षण आठवत नव्हता, आणि आता आठवण्याची गरजही उरली नव्हती.

मानसी आल्यावर तो तिच्या खोलीत गेला आणि बाजूला सारणं म्हणजे नकार हा नियम काढून टाकू या म्हणाला. तिने का विचारलं. त्याने एका म्हाताऱ्या बाईंचं उदाहरण दिलं, त्या कुणाच्या कोण हे सांगितलं नाही. मानसीने शांतपणे ऐकलं. मग ती म्हणाली की फाटकावरचा सरासरी थांबा पन्नास सेकंदांवरून एकोणीसवर आलाय, तो तुझ्यामुळे आलाय, आणि तू चौदा फाटकांवर बसून आलास तेव्हा तूच मला म्हणालास की लोक निर्णय घेतात, फक्त कबूल करत नाहीत. त्या बाईंना ज्याने परत पाठवलं त्याला त्या नकोच असतील तर? तीन बटणं ठेवून काय झालं असतं, दोन मिनिटं ताटकळल्या असत्या आणि मग गेल्या असत्या. मानसी हट्टी होती पण वाईट नव्हती. दोन सोसायट्यांमध्ये महिनाभर जुनी पद्धत लावून पाहू, आकडे बघू, असं तो निघताना तिने सांगितलं. त्याला हवं ते अर्धं मिळालं होतं आणि त्याचा काहीही उपयोग नव्हता. दिवसभर तो पडद्यावर पट्ट्या काढत आणि पुसत राहिला. कुणी हाक मारली की दचकत होता. नियम कसाही असता तरी त्याने काहीतरी वाट शोधलीच असती, फोन उलटा ठेवला असता, बंद केला असता. अंगठ्याला कुठे जायचं ते आधीच माहीत होतं.

मंगळवारी त्याने रजा टाकली आणि रिक्षा करून विक्रोळीला गेला. भांडुप मागे पडलं, मेट्रोच्या खांबांमधून रिक्षा वाट काढत होती आणि तो काय बोलायचं ते जुळवत होता. चाळीच्या जिन्यात कुणी ओळखीचं भेटलं नाही. सोनूबाईचं दार उघडंच होतं. खोली जवळजवळ रिकामी झाली होती. भिंतीवरच्या फळ्या उतरवलेल्या, भांडी दोन पोत्यांत भरलेली, मधोमध गादीची वळकटी आणि तिच्याशी झटापट करणारी सोनूबाई. तिने मान वर करून पाहिलं. बसायला पाट दिला. चाळ पाडणार आहेत, माणसं एकेक करून चालली, मी आता कायमचीच गावाला निघाले, चार वाजता पुतण्या टेम्पो घेऊन येतोय, असं तिने एका दमात सांगितलं. आईच्या खोलीची किल्ली कमरेच्या पिशवीतून काढून त्याच्या हातावर ठेवली. मग तीच म्हणाली की मी आले होते तुझ्याकडे. तो वॉचमन बरा माणूस, पाणी दिलं त्याने. मशीनीवर नको आलं म्हणाला. मशीन ते, त्याला काय कळणार माणूस. मुकुलने मान हलवली. ती हलवली की नुसती हलली, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

ती वळकटीवर बसली. बराच वेळ सुतळीचं एक टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली.

“तुझ्या आवशीचा सांगूचा होता,” ती म्हणाली. “ती पडली त्या सांजेक तिना भिंतीर थाप मारल्यान. दोनदा. मी आयाकलंय. माका वाटला, नेहमीसारखा काय्यतरी आसतला, साखर नायतर कायता. टीवीर सिरियल लागलेली. वायच थांबान जातंय, म्हटलंय. जाहिरात लागली तेव्हा उठलंय.”

बाहेर कुणीतरी बादली आपटली.

“तवसर झाला होता सगळा. सात महिने झाले, कोणाक सांगूक नाय. गावाक जावच्या आधी तुका सांगूक इल्लंय.”

मुकुलला आधी काहीच वाटलं नाही. मग पायांपासून राग चढत आला, तापलेला, सरळ, लहानपणी यायचा तसा. या बाईला ऐकू आलं होतं. भिंत वीतभर जाडीची. दार चार पावलांवर. आई भिंतीला हात टेकवून वाट पाहत होती आणि ही बसून होती. त्याला तिच्याकडे बघवेना, आणि त्याच वेळी आत कुठेतरी हलकं होत असल्याचंही जाणवलं, इतके दिवस छातीवर ठेवलेलं काहीतरी उचलून दुसऱ्या कुणावर ठेवायची जागा सापडल्यासारखं. आपण दोन महिने आलो नाही ते आता कुणी विचारणार नव्हतं. सोनूबाई त्याच्या तोंडाकडे पाहत होती.

“येवंदे राग,” ती म्हणाली. “तेच्यासाठीच इल्लंय मी.”

आता उठून निघून जाता आलं असतं. तिला ते चाललं असतं. ती सोबत गुन्हा घेऊन गावाला गेली असती, आणि त्याच्या वाट्याचा गुन्हा मशीनच्या नावावर कायमचा जमा राहिला असता. असं जाणं किती सोपं आहे हे त्याला दिसत होतं, नुसता एक अंगठा हलवण्याइतकं. तो पाटावरून उठला. दारापर्यंत गेला. उंबऱ्याबाहेर आईच्या खोलीचं बंद दार होतं, कडीला अजून तोरणाचा दोरा लोंबत होता. तिथे उभं राहून त्याने स्वतःच्या मनाला विचारलं नाही, कारण मनाने काहीतरी वेगळंच सुचवलं असतं. तो वळला.

“काकी, मशीनने नाही केलं,” तो म्हणाला. “मी केलं. तुझं नाव आलं होतं फोनवर. मी वाचलं आणि बाजूला केलं. तू आईचं काहीतरी बोलशील म्हणून.”

सोनूबाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. तिला ऐकू आलं नाही की काय, असं त्याला वाटलं.

“नाव वाचलंस?” तिने विचारलं.

“वाचलं.”

“सोनूबाई म्हणान?”

“हो.”

तिचा चेहरा सैल पडत गेला, डोळ्यांच्या कडांना पाणी आलं, आणि मुकुलला कळेना की हे दुःख आहे की दुसरं काही.

“म्हणजे वळाखलंस तू माका,” ती म्हणाली. “माका वाटलेला, सोनूबाई कोण तां तुका कळाक नाय. इतके दिवस तांच खातसा माका.”

मुकुल तिच्यासमोर खाली फरशीवर बसला. राग अजून पुरता गेला नव्हता, तिचाही अपराध तसाच होता आणि त्याचाही, त्यातलं काहीच फिटलं नव्हतं. ती मात्र पदराने तोंड पुसून उठली, वळकटीवर गुडघा रोवला आणि सुतळीचं एक टोक त्याच्यापुढे धरलं. चार वाजायला अजून दोन तास होते आणि भांड्यांची पोती शिवायची राहिली होती. घट्ट धर, गाठ मी मारते, असं तिने सांगितलं. त्याने ते टोक दोन्ही हातांनी धरलं आणि ती जोर लावून ओढू लागली.